लाइट गेल्यावर चालेल ना?

मंदाकिनीबाईंना भीती वाटायची ती पंखा थांबण्याची. पंखा थांबला म्हणजे लाइट गेली, आणि लाइट गेली म्हणजे पलंगाशेजारचं ऑक्सिजनचं यंत्र आधी किंचाळणार आणि मग गप्प होणार.

त्यांचे यजमान गोपाळकृष्ण हडपसरच्या एका शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. आता फुफ्फुसं साथ देत नव्हती. नाकात नळी, नळीचं दुसरं टोक यंत्रात, आणि यंत्राची वायर भिंतीत. घरात इन्व्हर्टर होता, पण त्याची ताकद दिव्यांपुरती. यंत्र लावलं की थोड्याच वेळात तो मान टाकायचा. मग उरायचा कोपऱ्यातला सिलिंडर. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी त्याचा नॉब मंदाकिनीबाईंच्या हातून फिरेना, आणि नवऱ्याचे ओठ निळसर होत गेलेले त्यांनी पाहिले. नॉब शेवटी फिरला. गोपाळकृष्ण सावरले. मंदाकिनीबाई सावरल्या नाहीत. त्या दिवसापासून मिक्सर बंद केला तरी त्या पलंगाकडे धावायच्या.

कर्वेनगरातल्या त्यांच्या घराला स्वतःची गच्ची होती, दिवसभर ऊन खाणारी. तेव्हा सोलर बसवायचं त्यांनी मनात घेतलं आणि चौकशी सुरू केली. गल्लीच्या ग्रुपवर विचारलं, तर बिल किती कमी होतं ते सगळ्यांनी हिरिरीने सांगितलं. भाचीने व्हिडिओ पाठवले. त्यात गच्चीवर उभी राहून माणसं हसत होती. समोरच्या आप्पासाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "वीज कोसळते त्याच्यावर. बसवा, आम्हाला लांबून बघायला मिळेल."

मग कंपनीचा माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब. गच्ची मोजून खाली आल्यावर मंदाकिनीबाईंनी त्याला यंत्र दाखवलं आणि विचारलं, "लाइट गेल्यावर हे चालेल ना?"

"काकू, सूर्य कुठे जातोय का?" तो हसून म्हणाला.

त्या उत्तराने त्यांना इतकं हलकं वाटलं की त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. सिलिंडरचा काटा तांबड्या पट्ट्याजवळ आला होता, तो भरून आणायचं काम मात्र त्या रोज उद्यावर ढकलत राहिल्या. सिलिंडर उचलून न्यायला माणूस शोधावा लागे, आणि आता सोलर येणारच होतं.

तरी एकदा डोळ्यांनी बघावं, असं गोपाळकृष्णांनीच सुचवलं. त्यांचा जुना विद्यार्थी जयसिंग याने हडपसरपलीकडच्या मांजरी गावातल्या घरावर सोलर बसवलं होतं. "जाऊन ये. ब्रोशरमध्ये सगळ्यांच्याच गच्च्या स्वच्छ असतात," ते धापा टाकत म्हणाले. शेजारची हेमा त्यांच्याजवळ बसायला आली आणि मंदाकिनीबाई सकाळचं आवरून निघाल्या. स्वारगेटला बस बदलली.

जयसिंगने त्यांना कौतुकाने गच्चीवर नेलं. काळ्याभोर पाट्या उन्हात तळपत होत्या. पलीकडे ऊस, आणि उसाला खेटून नव्या इमारती. मंदाकिनीबाईंनी एका पाटीच्या कडेला बोट लावून पाहिलं. चटका बसला. तो चटकासुद्धा त्यांना चांगला वाटला.

खाली जयसिंगची आई सरुबाई चहा घेऊन आली. कप अजून तोंडाला लागला नव्हता तोच डोक्यावरचा पंखा रेंगाळला आणि थांबला.

"गेली का? जाऊ द्या, च्या घ्या तुमी," सरुबाई म्हणाली आणि पदराने वारा घेऊ लागली.

मंदाकिनीबाई पंख्याकडे बघतच राहिल्या. "पण वर तर ऊन आहे. सोलर आहे ना तुमच्याकडे?"

"आहे की. पण लाइन गेली की तेही बंद होतं, काकू," जयसिंग सहज म्हणाला. "आपलं सोलर लाइनला जोडलेलं असतं. लाइन गेल्यावर ते चालू राहिलं, तर आपली वीज तारेत उलटी जाईल आणि खांबावर चढलेल्या माणसाला शॉक बसेल. म्हणून आपोआप बंद पडतं. मलाही बसवल्यावरच कळलं. चालू राहायला बॅटरी लागते, आणि सोलरचा खालचा इन्व्हर्टरही वेगळ्या जातीचा लागतो. आम्हाला काय, बिल कमी झालं, बास."

मंदाकिनीबाईंनी कप खाली ठेवला. आपण नेमकं काय विकत घ्यायला निघालो होतो, ते त्यांना त्या क्षणी दिसलं. आणि तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. हेमाचा मेसेज होता: 'काकू, इथे मघाशीच लाइट गेली. इन्व्हर्टर बंद पडला. सिलिंडर लावलाय. लवकर या.'

इथेही गेली, तिथेही गेली. त्यांनी हेमाला फोन लावला. लागेना. नवऱ्याला लावला. नुसता वाजत राहिला.

"सिलिंडर संपत आलाय," त्या जयसिंगला म्हणाल्या. "मला घरी ने."

जयसिंगने गाडी काढली. कुठल्यातरी मोठ्या वाहिनीत बिघाड होऊन निम्म्या शहराची वीज गेल्याचं रस्त्यावर आल्यावर कळलं. सिग्नल सगळे मेलेले. हडपसरपर्यंत गाडी कशीबशी सरकली. सरांनी आपल्याला नकाशे कसे काढायला शिकवले ते जयसिंग सांगू लागला, काकूंचा जीव रमावा म्हणून.

"जयसिंग, बोलू नकोस. गाडी चालव."

स्वारगेटच्या चौकात बसगाड्या चारही बाजूंनी एकमेकींना भिडल्या होत्या. कुणीच मागे हटत नव्हतं. मंदाकिनीबाईंच्या डोळ्यांपुढे तो काटा होता, तांबड्या पट्ट्यात शिरणारा. आत्ता कुठे असेल? टेकला असेल का? हॉर्नच्या गदारोळात त्यांना यंत्राची किंकाळी ऐकू येत होती, आणि मग ती थांबल्याचंही. त्या दार उघडून उतरू लागल्या. जयसिंगने दंड धरून त्यांना बसवलं. "काकू, चालत पोचणार आहात का? बसा. काढतो मी गाडी." आणि त्याने खरंच पदपथावर चाक चढवून, शिव्या खात गाडी काढली.

घरापाशी पोचल्या तेव्हा दाराला कुलूप होतं. हेमाच्या दारालाही. खिडकीच्या गजांतून त्यांनी आत पाहिलं. पलंग रिकामा. चादर अर्धी जमिनीवर. ऑक्सिजनची नळी उशीवर पडली होती.

मंदाकिनीबाईंनी गज घट्ट धरले. त्यांनी नवऱ्याला हाक मारली.

"अहो, तिथे कोणी नाही," समोरच्या गॅलरीतून आप्पासाहेब ओरडले. "कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलात नेलंय. खुर्चीत बसवून रिक्षापर्यंत आणलं आम्ही."

"बोलत होते का?"

"ते काही मी पाहिलं नाही," आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात नेहमीचा तिरकसपणा नव्हता.

ते एवढंसं अंतर मंदाकिनीबाई पळाल्या. गुडघे दुखतात हे त्या विसरल्या होत्या. हॉस्पिटलच्या दाराशी जनरेटर धडधडत होता. आत पहिल्याच खाटेपाशी हेमा गोपाळकृष्णांच्या चपला छातीशी धरून रडत उभी होती, आणि ते पाहून बाई जागीच थिजल्या. मग खाटेवरचा हात हलला. तोंडावर मास्क, चेहरा राखेसारखा, पण तर्जनी वर झाली होती, वर्गात गडबड करणाऱ्या मुलाला गप्प करावं तशी.

"अजून उशीर झाला असता तर..." डॉक्टर म्हणाले. मंदाकिनीबाईंनी नवऱ्याचं ते बोट मुठीत धरलं.

संध्याकाळी मास्क जरा बाजूला करून गोपाळकृष्णांनी विचारलं, "काय पाहिलंस मांजरीत?"

"पंखा," त्या म्हणाल्या, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.

ते घरी आल्यावर कंपनीचा माणूस पुन्हा आला, सहीसाठी. मंदाकिनीबाईंनी त्याला बसायला सांगितलं नाही.

"लाइट गेल्यावर चालेल का? हो किंवा नाही."

"तसं बघायला गेलं तर काकू, बॅटरीचं मॉडेल घेतलं तर..."

"मागच्या वेळी बॅटरीचा ब पण काढला नाहीत तुम्ही."

तो टॅब उचलून निघाला. तो पुन्हा आला नाही. मग त्या दुसऱ्या एका कंपनीच्या बाईंशी बोलल्या, आणि एकच अट घातली: तुम्ही बॅटरीसकट बसवलेलं एक घर दाखवा, आणि तिथे मला मेन बंद करू द्या.

ते घर वारज्यात होतं. मालकीणबाई जरा चक्रावल्या, पण हो म्हणाल्या. गोपाळकृष्णांना आदल्याच आठवड्यात भरून आणलेल्या सिलिंडरवर ठेवून, हेमाला शेजारी बसवून, मंदाकिनीबाई यंत्र जयसिंगच्या गाडीत घालून तिथे गेल्या. यंत्र लावलं. ते घुमू लागलं. त्यांनी मेन स्विचवर हात ठेवला. घर परक्याचं, यंत्राला नळी नाही, कुणाचा जीव त्यावर नाही, हे माहीत असूनही त्यांना तो खटका खाली ओढवेना.

"मी करू का?" जयसिंगने विचारलं.

"नाही. मलाच करायचंय."

खटका खाली आला. पंखा दचकल्यासारखा झाला आणि फिरत राहिला. यंत्र घुमत राहिलं. मंदाकिनीबाईंनी ताबडतोब विश्वास ठेवला नाही. खुर्ची ओढून त्या यंत्रासमोर बसल्या. मालकीणबाईंचा स्वयंपाक झाला, जेवणं झाली, तरी त्या उठल्या नाहीत.

तसंच सोलर आता त्यांच्या गच्चीवर आहे. गल्लीतले लोक चौकशीला येतात तेव्हा त्या आधी त्यांनाच मेन बंद करायला लावतात. पण तेवढा वेळ स्वतः पलंगापाशी उभ्या राहतात, आणि नवऱ्याचं मनगट हातात घट्ट धरून ठेवतात. मेन पुन्हा चालू होईपर्यंत त्या कुणाच्याही प्रश्नाला उत्तर देत नाहीत.