सावलीत भरलेल्या पिशव्या

मामाने कुदळीने माती बाजूला सारली आणि कापडाची पट्टी ओढून वर काढली. दोन महिने जमिनीत पुरलेली सुती पट्टी, पण धुतली तर शिवायला घ्यावी इतकी धड! भाचीने ती ताणून पाहिली, एक धागाही तुटला नाही.

ती माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. नातेवाईक तिला कौतुकाने 'मातीची डॉक्टरीण' म्हणत, आणि बाईसाहेबही काही कमी नव्हत्या. कुणी नुसती कुंडी पुढे केली तरी निदान करून मोकळ्या व्हायच्या. पट्टी पुरायची परीक्षाही तिनेच सुचवलेली. माती जिवंत असली, की तिच्यातले डोळ्यांना न दिसणारे जंतू सुती कापड खाऊन त्याची चाळण करतात. इथे एकानेही तोंड लावलं नव्हतं.

"माझ्याच हाताला यश नाही," मामा म्हणाला. "तीन वर्षांपूर्वी तू लिहून दिलं होतंस, जमीन उत्तम आहे म्हणून. मीच तिची वाट लावली. तो ट्रकवाला गाड्या उभ्या करायला जागा मागतोय ना, परवा येईल. देऊन टाकतो त्याला."

मामीने मान खाली घातली आणि पट्टीची माती झटकत राहिली.

भाचीला ती दुपार आठवली. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी ती याच शेतात माती काढायचं गिरमिट घेऊन आली होती. नियम साधा होता: नागमोडी चालत दहा जागांची माती घ्यायची. पण मधली जमीन घट्ट, वरून ऊन मी म्हणत होतं. कडेला जुन्या झाडांची रांग होती, गार सावली होती, आणि पाचोळ्याखाली गिरमिट लोण्यात शिरावं तसं शिरत होतं. तिने दहाही पिशव्या तिथेच भरल्या. घरचंच तर शेत, कोण विचारतंय!

अहवाल अर्थातच झकास आला. मामाला तेव्हा झाडं काढून शेत वाढवायचं होतं. मामी अडून बसली होती. दरवर्षी तो पाचोळा वाफ्यांत ओढून टाकणारी तीच. तो कुजतो म्हणून पीक येतं, असं तिचं म्हणणं. मामाने अहवाल नाचवला. "शेताच्याच अंगात एवढं बळ आहे, झाडं कशाला?" मामी गप्प बसली आणि झाडं गेली. पाचोळा गेला, त्यावर जगणारे जंतू उपाशी मेले, पिकाला खाऊ घालणारं कुणी उरलं नाही. आणि मामा स्वतःला दोष देत होता.

"मामा," ती एकदम म्हणाली, "तुझं काही चुकलं नाही. मी चुकले. मी शेतातली माती घेतलीच नव्हती. उन्हाचा कंटाळा केला. सगळी झाडांखालची घेतली."

मामाला क्षणभर कळलंच नाही. मग तो बांधावर बसला. त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला माहीत होतं," मामी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"पाणी मीच नाही का आणून दिलं तुला? सावलीत बसून पिशव्या भरत होतीस. मला वाटलं, तुमच्यात तसंच घेत असतील. शिकलेली पोर तू, मी काय बोलणार?"

भाचीला तोंड कुठे लपवावं कळेना. मामीने आपल्या डोळ्यांपेक्षा तिच्यावर जास्त विश्वास ठेवला होता.

"झाडं परत लावली, पाचोळा आणून टाकला, तर?" मामाने विचारलं. "किती वर्षं लागतील?"

"माहीत नाही, मामा." असं उत्तर तिने आजवर कुणालाच दिलं नव्हतं. "आधी शेताची माती खरी तपासायला हवी."

"मग तपास. परवा त्याला थांब म्हणून सांगतो."

ती गिरमिट घेऊन शेताच्या मधोमध गेली. ऊन तेव्हासारखंच होतं. जमीन दगड झाली होती; गिरमिट बोटभर शिरायला घाम निघाला. एकाएकी पाठीवरचं ऊन कमी झालं. मामा उठून आला होता आणि तिच्यावर आपली सावली पडेल असा उभा होता.

"सरक ना मामा," ती रडवेली होऊन म्हणाली. "लागू दे मला ऊन."

मामा जागचा हलला नाही. "दहा जागा आहेत," तो म्हणाला. "चल, दाब."