शेखरकाकांच्या मांडीखालचं बटन

माझा परवाना येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि तेवढ्यात उंद्रीतल्या निम्म्या लोकांना तो दाखवून झाला होता. दूधवाल्यालासुद्धा. हौशी रेडिओ चालवायचा खराखुरा सरकारी परवाना, आणि तोही अकरावीतल्या पोरीला! गच्चीवर बांबूला बांधलेला अॅल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना, खाली धान्याच्या कोठीशेजारी टेबल, टेबलाखाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. हे माझं स्टेशन. आई त्याला "डिंपलचं दुकान" म्हणते.

त्या दिवशी दुकान जोरात होतं. परतीच्या पावसानं दोन दिवस झोडपलं होतं. आदल्या रात्रीपासून लाइट नव्हती, दुपारपर्यंत मोबाइलचे टॉवरही गार झाले. म्हणून दर रविवारी नुसता सराव करणारा आमचा गट खऱ्या कामाला लागला. चिखलीला गजेंद्र सर दवाखान्याच्या आवारात गाडीतला सेट लावून बसले. अमडापूरला जनकाबाई, नाल्यापलीकडे इंद्रभानदादा, आणि आमच्या गावचे शेखरकाका हातातला छोटा सेट घेऊन शेतात. माझा अँटेना सगळ्यांत उंच, म्हणून सर म्हणाले, "आज नेट कंट्रोल तू." म्हणजे कोणी कधी बोलायचं ते मी ठरवणार. मोठ्या माणसांना मी गप्प बसवणार! त्या आनंदात मी दुपारची पोळीसुद्धा उभ्यानंच खाल्ली.

तीन वाजून आठ मिनिटांनी शेखरकाकांचा आवाज आला.

"डिंपल, रेणुकाले साप चावला. सोयाबीनच्या गंजीत. निवृत्तीच्या पिकअपमंदी घेऊन निघालो. चिखलीले सांग लवकर."

रेणुकाकाकू म्हणजे त्यांची बायको. मी सरांना कळवलं. ते आत जाऊन आले. औषध आहे, डॉक्टर आहेत, फक्त लवकर आणा. "आणि पापण्या जड होताहेत का ते विचार," सर म्हणाले. "होत असतील तर वेळ थोडा आहे."

मी विचारणार, तेवढ्यात इंद्रभानदादा मध्ये आले.

"डिंपल, रपट्याची मधली फरशी आत्ताच गेली. माह्या डोयानं पाह्यलं. वरून पाणी घोट्याएवढंच दिसते, पण खाली भोक हाय. कोणाले इकडून येऊ देऊ नको. मी पल्याड हाय, मले काही अडवता येत नाही."

रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका, बिनकठड्याचा पूल. काकांच्या शेतातून चिखलीला जायच्या वाटा दोन. एक उंद्रीवरून डांबरी. दुसरी रपट्यावरून, वीस मिनिटं कमी. बायकोला साप चावलेला माणूस कोणती धरेल?

मी बटनाकडे हात नेला आणि स्पीकरमधून इंजिनाची घरघर सुरू झाली. मग काकांचा आवाज, पण माझ्याशी नाही.

"रेणुका, डोये मिटू नको. इकडं पाह्य. माह्याकडं पाह्य ना."

काकांनी सेट मांडीखाली दाबला होता आणि बोलायचं बटन दबून राहिलं होतं. सेट बोलत असतो तेव्हा ऐकत नाही. त्यांचं सगळं आम्हाला ऐकू येणार, आमचं एक अक्षर त्यांच्यापर्यंत जाणार नाही.

तरीही मी ओरडले. चारदा. उपयोग शून्य.

"तिचे डोये मिटून राह्यले, निवृत्तीभाऊ. पळव."

"रपट्यानंच घेतो. लवकर होईल."

आईनं हे ऐकलं आणि स्कूटी काढली. रपटा चार किलोमीटरवर होता. गल्लीच्या तोंडालाच चिखलात ती आडवी झाली आणि कोपर फोडून परत आली.

खरं म्हणजे सेट तीन मिनिटांनी आपोआप गप्प होतो. बटन अडकलं तर सगळ्यांची वाट अडू नये म्हणून तशी सोय असते. पण काका गोष्ट सांगायला लागले की ती तीन मिनिटांत आटपत नाही. "हा डबडा मले मधातच गप्प करते," म्हणून त्यांनी तक्रार केली. आणि नव्या परवानावाल्या हुशार डिंपलनं, गेल्याच रविवारी, ती सोय त्यांच्या सेटमधून बंद करून टाकली. कौतुकही करून घेतलं.

मी कोठीला डोकं टेकलं. रडायचं होतं. पण रडून सेटचं बटन सुटत नाही, म्हणून विचार केला.

बटन कधी सुटेल? सेट सतत बोलत राहिला की तापतो. माझा सरावात पाच मिनिटांत हात लावू देईना. काकांना चटका बसणार, ते सेट उचलणार. त्या क्षणी कोणीतरी ओरडायला हवं. पण कोणीतरी एकानंच. सर, जनकाबाई, इंद्रभानदादा, मी, सगळे टपून बसलेलो. सगळ्यांनी एकदम बटन दाबलं तर काकांना फक्त शिट्टी ऐकू आली असती.

बोलायची पहिली वाट, म्हणजे फ्रिक्वेन्सी, अडली तर दुसरीवर भेटायचं, हा आमचा नियम. पण माझ्याकडे सेट एकच. मी दुसऱ्या वाटेवर गेले आणि नेमकं तेव्हाच बटन सुटलं तर?

गेले.

"नेट कंट्रोल बोलतेय. पहिल्या वाटेवर माझ्याशिवाय कोणी बटन दाबायचं नाही. कोणीच नाही."

"पण डिंपल, माझा सेट मोठा आहे, मी बोलतो..." सर म्हणाले.

"तुम्हीपण नाही, सर!"

सरांना असं बोलणारी मी पहिलीच असेन.

"बरोबर आहे," सर म्हणाले. "आम्ही गप्प."

"मायबाई, जा तू लवकर," जनकाबाई म्हणाल्या.

परत आले. घरघर चालूच होती. चला, चुकलं नव्हतं काही. नऊ मिनिटं झाली होती. मग इंजिन मंद झालं आणि त्याच्या मागे दुसरा आवाज आला. पाण्याचा.

"निवृत्तीभाऊ, जाईन ना गाडी?"

"घोट्याएवढं तर हाय. पाहा ना, तो दगडबी दिसते. जाते."

गिअर पडला. आई माझ्या खांद्याला धरून उभी होती, तिची नखं रुतत होती. मी बटनावर बोट ठेवलं, दाबलं नाही. आधी दाबून चालणार नव्हतं. टायरखाली पाणी फसफसल्याचं ऐकू आलं.

"आऽय! काय बे हे, भाजलं!"

आणि घरघर तुटली.

"रपटा तुटला! थांबा! मधात भोक हाय, थांबा!" ना माझं नाव, ना परवान्यावरचा नंबर, ना ओव्हर. सगळे नियम मोडले.

काहीच आलं नाही. मी मोजत होते. सहा. सात. इंद्रभानदादांनासुद्धा गप्प केलं होतं, त्यामुळे पलीकडून काय दिसतंय तेही कळेना. अकरा.

"डिंपल." काकांचा आवाज चिरकत होता. "थांबलो. पुढचे चाकं पाण्यात हाय. ब्रेक दाबून बसला निवृत्ती."

"मागं घ्या. उंद्रीवरून या. तो रस्ता मोकळा आहे. आणि काका, सेट हातात धरा, मांडीखाली नाही."

वीस मिनिटं तर गेलीच. पिकअप आमच्या चौकातून गेली तेव्हा मी खिडकीशीही गेले नाही, स्टेशन सोडायचं नव्हतं. मी फक्त विचारत राहिले: श्वास आहे का, बोलतात का? काका सांगत राहिले. पापण्या पूर्ण मिटल्या. हात लावला तर बोट दाबते. अमडापूर मागं टाकलं. आता बोट दाबत नाही. शेवटची दहा मिनिटं ते काहीच बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

चार वाजून सात मिनिटांनी सर म्हणाले, "पोचले. आत घेतलं."

मग मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, की ती तीन मिनिटांची सोय मीच बंद केली होती. वाटलं, सर आता परवानाच मागतील. सर म्हणाले, "वहीत लिहून ठेव. वेळेसकट." लिहिलं. अक्षर घाण आलं.

सहाला काकांचा सेट परत बोलला.

"डिंपल, औषध लागू पडलं. श्वास तिचा तीच घेऊन राह्यली. डॉक्टर म्हणते, आजची रात्र पाहा लागते."

"बोलल्या का काही?"

"हाव. सोयाबीनवर ताडपत्री टाकली का, इचारून राह्यली."

"टाकली म्हणा!" मी म्हटलं, आणि कोपराला पट्टी बांधलेल्या आईला ताडपत्री घेऊन पिटाळलं.