कबर कोण खणणार

"आई, खाणीतून पोकलेन आणतो. अर्ध्या तासात कबर खणून होईल," एर्मेक म्हणाला.

"तोंड सांभाळ! बापाला काय पाइपलाइनसारखं पुरायचंय?" मी ओरडले.

ओरडले खरी, पण दुसरं काय सुचवणार होते? सकाळचे दहा वाजले होते. अंगणात उभारलेल्या लोकरी तंबूत माझा नवरा बेकतुर शांत पडला होता. दुपारी तीनला दफन. आमच्याकडे घरच्यांनी कबर खणायची नसते. गावातले पुरुष न बोलावता फावडी घेऊन येतात. आज एकही आला नव्हता. एकतीस वर्षं मी या गावची नर्स. यांच्या बायकांची बाळंतपणं केली, गुडघाभर बर्फातून घरोघरी सुया टोचत फिरले. मेल्यांनो, तेही विसरलात?

कारण मला ठाऊक होतं. एर्मेक सोन्याच्या खाणीत पोकलेन चालवतो. खाण आली आणि ओढा गढूळ झाला. गावातल्या तुर्गुनची चाळीस मेंढरं ते पाणी पिऊन मेली. गेल्या महिन्यात त्याने खाणीचा रस्ता अडवायला सगळं गाव बसवलं, तेव्हा एर्मेक शेतातून वळसा घालून कामावर गेला. जाणार नाही तर काय? बेकतुरची औषधं त्याच पगारातून येत होती. पण ओढ्याचं पाणी आता मीसुद्धा पीत नाही, हेही खरंच.

अकराच्या सुमारास फाटकाबाहेर तुर्गुन दिसला. खांद्यावर फावडं, हातात पहार, मागे चौघे जण. एर्मेककडे न बघता ते टेकडीवरच्या कबरस्तानाकडे चालू लागले. तेव्हा कुठे मी ढसाढसा रडले.

जमीन गोठून दगड झाली होती. दफन आटोपून तुर्गुन दाराशी आला तेव्हा त्याचे तळहात सोलले होते. मी माझी मलमपट्टीची पेटी आणली.

"बसा भावजी, चहा घ्या."

"चहा नको, वहिनी. बेकतुर माझा दोस्त होता, म्हणून आलो."

एर्मेक पुढे झाला. "काका, तुमचे उपकार..."

"उपकार राहू दे. एकच कर. मी मरेन तेव्हा माझ्या कबरीशी येऊ नकोस. मूठभर मातीही टाकू नकोस."

"भावजी, आजच्या दिवशी तरी!"

"आजच सांगतो. उद्यापासून याचं तोंडही बघायचं नाही."

एर्मेकचा चेहरा पांढराफटक पडला. तो आत गेला आणि बापाच्या रिकाम्या खाटेवर बसला. मी तुर्गुनच्या तळहाताला पट्टी गुंडाळत राहिले. गाठ मारताना एक टोक माझ्या हातून निसटलं, तेव्हा तुर्गुननेच ते धरलं.