पलंगाखालची कटावणी

परीक्षेची खोली दरवर्षी तशीच मांडली जाई: लोखंडी पलंग, फोडलेलं कपाट, आडवी पडलेली खुर्ची आणि पलंगाखाली, भिंतीकडच्या बाजूला, चोराने टाकलेली कटावणी. प्रशिक्षणार्थी पोलिसाने एकट्याने आत जायचं, वीस मिनिटांत पंचनामा लिहायचा आणि पंच म्हणून बसवलेल्या दोन कारकुनांच्या सह्या घ्यायच्या.

यंदा चोवीस जण होते. शेवटची बत्तीस वर्षांची. तिची मुलगी शाळेत जायची, म्हणून तुकडी तिला काकू म्हणे. या परीक्षेत ती दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर तिचं नाव कमी होणार होतं.

"काकू, कटावणी विसरू नका," पुढचा एक जण बाहेर येताना पुटपुटला. "मागच्या तुकडीच्या वहीत आहे. पलंगाखाली."

"आणि नसली तर?"

"नसायला काय माहेरी जाणार आहे?"

काकू एकविसाव्या मिनिटाला बाहेर आली.

कायदा शिकवणाऱ्या बाईंनी दुपारी कागद तपासले. तेवीस पंचनाम्यांत कटावणी होती. एकात तिची लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर होती, दुसऱ्यात साठ. काकूने लिहिलं होतं: 'पलंग सरकवून पाहिला. खाली धूळ. हत्यार मिळून आले नाही.' हत्याराला दहा गुण होते. ते गेले की काकू दोन गुणांनी नापास होत होती.

बाई दोन्ही लांब्यांकडे पुन्हा पाहून उठल्या. परीक्षेच्या खोलीत पलंगाखाली फक्त धूळ होती. त्यांनी सामानघरातल्या मामांना बोलावलं.

"अरेच्चा, ती माझ्याकडेच राहिली," मामा म्हणाले. "काल खोकं उघडायला घेतली होती. पण मॅडम, खोलीतल्या सामानाच्या यादीवर तुमची सही आहे."

सही होती. 'सर्व वस्तू प्रत्यक्ष पाहिल्या', सकाळी साडेआठ. साडेआठला बाई आपल्या टेबलाशी चहा घेत होत्या.

"आत्ता ठेवून येऊ? कोणाला कळतंय?"

"नको. जिथे आहे तिथेच राहू दे."

मग त्यांनी काकूला बोलावलं. काकू दाराशीच उभी राहिली.

"वहीतलं तुम्हाला माहीत होतं?"

"हो, मॅडम."

"मग लिहिलं का नाही?"

"लिहायला घेतलं होतं. लांबीपाशी अडले. मोजायला वाकले, तर मोजायला काहीच नव्हतं. त्यात एक मिनिट गेलं. मग ते पान फाडलं."

"फाडायचं नसतं. रेघ मारून सही करायची."

"हो, मॅडम."

बाईंनी उशिराचा एक गुण कापला, पान फाडल्याचा एक. आता सगळं हत्याराच्या दहा गुणांवर होतं. यादी खरी धरली तर काकू घरी जाणार होती. यादी खोटी आहे हे, ज्यांनी सही केली होती त्यांनाच लिहून द्यावं लागणार होतं.

त्यांनी कोरा कागद घेतला. वेळ लिहिली, जागा लिहिली: स्वतःचं टेबल. 'वस्तू न पाहता सही केली.' खाली नाव आणि हुद्दा. मग साक्षीदार म्हणून दोन्ही कारकुनांना बोलावलं.

"कुठे करू?" पहिल्याने पेन उघडत विचारलं.

"आधी वाचा," बाई म्हणाल्या.