न फोडलेला नारळ

"गुरवकाका, जरा लवकर आटपा. अकराच्या आत पणजीला पोचायचंय," पोरीला गोव्याच्या नोकरीवर न्यायला आलेला प्रीतम इस्त्रीच्या शर्टाची बाही सारून घड्याळाकडे बघत म्हणाला.

धोंडू गुरव कोणाच्या घड्याळावर चालणाऱ्यांतला नव्हता. त्याने सावकाश रवळनाथापुढे नारळ ठेवला, खांद्यावरचा पंचा सारखा केला आणि घसा खाकरला. मंडपात पंधरावीस माणसं होती. पुढे नव्या ड्रेसमधली तेजस्वी आणि तिची विधवा आई सीता. अगदी मागे खांबाला टेकून विमला.

गावातलं कोणी नोकरीला निघालं की देवळात गाऱ्हाणं घालायचं. गुरवाने देवाकडे मागायचं, जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार द्यायचा, मग नारळ फोडायचा. एकानेही नकार दिला तर नारळ फुटत नाही आणि ज्याच्यासाठी तो ठेवला ते माणूस गावची वेस ओलांडत नाही, असा धोंडूच्या वाडवडिलांपासूनचा नेम. नेम कसला, डोक्याला ताप. मागे बांधाच्या भांडणावरून बाबली नको तिथे ‘नाय’ बोलला, तर त्याच्या चुलतभावाचा नारळ तीन दिवस ताटकळत बसला होता. तेव्हापासून माणसं भांडणंसुद्धा चपलांबरोबर देवळाबाहेर ठेवत.

विमला काजूच्या कारखान्यात बिया फोडायची. काजूच्या तेलाने बोटं काळी पडलेली, वय पंचेचाळीस, लग्न नाही, राहणं धाकट्या भावाकडे, गुरुदासकडे. तरुणपणी ती सहा वर्षं भांडुपला एका आजारी म्हातारीच्या सेवेला होती, हे गावाला ठाऊक होतं. ते भांडुप तिच्या आईने रचलेलं होतं. "झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणत आई मेली, आणि विमलाने मूठ घट्ट झाकून ठेवली.

काल सीता पेढे घेऊन कारखान्यात आली होती. गोव्यात हॉटेलात नोकरी, राहायची सोय, सगळं कसं छान.

"आधारकार्ड त्येंच्याकडेच दिलंव. मोबाईल कंपनी देतली. पयले पंधरा दिवस घराक फोन करूचो नाय, टरेनिंग आसता," सीता म्हणाली.

विमलाने हातातली बी न फोडताच खाली ठेवली. हेच वाक्य तिने एकोणिसाव्या वर्षी ऐकलं होतं. तेव्हा आधारकार्डाच्या जागी शाळेचा दाखला होता, एवढाच फरक.

"धाडू नको गो तेका."

"कित्याक?"

"बरी नाय ती नोकरी."

"तुका काय म्हायत?"

विमलाकडे उत्तर होतं, पण ते द्यायची छाती नव्हती. सीताने पेढ्यांचं झाकण लावलं. "तुका पोर नाय, म्हणान दुसऱ्याच्या पोराचा बरा तुका बघवणा नाय," असं म्हणून ती गेली.

ते फार लागलं. तरीही संध्याकाळी विमलाने माडाखाली उभं राहून अनुजाताईंना फोन लावला. पोलिसांनी सोडवल्यावर विमला दोन वर्षं ज्या निवाऱ्यात होती, तिथल्या या ताई. ताई म्हणाल्या, "मी उद्या सकाळी पोलिसांना घेऊन येते. साडेनऊ तरी होतील. तोवर तिला गाडीत बसू देऊ नकोस. काहीही कर." काहीही कर म्हणणं सोपं असतं.

आता नऊ वाजले होते आणि गाऱ्हाणं सुरू झालं होतं.

"बा देवा रवळनाथा, आज ह्या सीताचा चेडू नोकरेक गोव्याक चल्ला. तेच्या वाटेतलो काटोकुटो दूर कर रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"जेच्या हाती आवशीन चेडवाक सोपवल्यान, तेच्या हातान चेडवाचा बरा कर रे म्हाराजा."

"नाय म्हाराजा."

आवाज मोठा नव्हता. पण सगळ्या माना मागे वळल्या. विमलाने खांब धरून ठेवला.

"बाय, गप रव," गुरुदास दातओठ खात म्हणाला.

प्रीतम हसला. "मावशींची तब्येत बरी दिसत नाही. राहू दे तो नारळ, आम्ही निघतो."

इथे तो चुकला. धोंडूने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "देवाच्या दारात उभो रवान, नारळ रवांदे म्हणतस? थांब मरे." मग तो विमलाकडे वळला. "नकार दिलंस, तर कारण देवाक सांगूक होया."

विमलाने सीताकडे पाहिलं. मग तेजस्वीकडे. पोरीने केसांत अबोली माळली होती.

"मी भांडुपाक कधीच नव्हतंय," विमला म्हणाली. "असोच एकलो इस्त्रीचो शर्ट घालून इललो. हॉटेलात नोकरी म्हणालो. दाखलो काढून घेतल्यान. पंधरा दिवस फोन करू नको म्हणालो. चार वर्षां माका एका खोलयेत कोंडून ठेवल्यानी. थंय कोण येयत आणि कित्याक येयत, ता तुमका सांगूक नको. पोलीस इले, म्हणान मी आज हंय उभी आसंय."

गुरुदास उठून बाहेर चालता झाला.

तेजस्वी प्रीतमसमोर जाऊन उभी राहिली. "माझं आधारकार्ड द्या."

"गाडीत आहे. आणतो ना," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग तो लांब लांब गेला. सीताने तेजस्वीला जवळ ओढलं.

अनुजाताई पोलिसांना घेऊन आल्या, तेव्हा गाडीचा नंबर सांगायला अख्खा गाव पुढे होता. तासाभरात गोव्याच्या हद्दीजवळ, इन्सुलीच्या नाक्यावर गाडी अडवली. आत पाच पोरींची आधारकार्डं सापडली.

गावाने विमलाचं कौतुक केलं, पण लांबून. कारखान्यात शेजारणीने आपलं बसणं चार हात पलीकडे नेलं. घरी वहिनीने तिचा कप वेगळा केला. गुरुदास तिच्याशी बोलेना. दुसऱ्याने केलेल्या पापाची लाज तिनेच वाहावी, ही कुठली रीत? विमलाला राग आला.

सोमवारी धोंडूने तिला देवळात बोलावणं धाडलं. नारळ तिथेच होता.

"कोणाचा तरी नाव सांगल्याशिवाय ह्यो नारळ हलवूक येवचो नाय," तो म्हणाला. मंडपात सीता होती, तेजस्वी होती, आणखी पाचसहा जण होते. गुरुदास खाली पायरीशी, चपला न काढता उभा होता.

"बा देवा रवळनाथा, ही विमला, ह्या गावचा चेडू. लांब गेल्ला. परत इला, तेव्हा कोणी तुका सांगूक नाय. आज सांगतंय. तेका पदरात घे रे म्हाराजा."

आधी सीता म्हणाली, "व्हय म्हाराजा." तेजस्वी म्हणाली. मग एकेक करून बाकीचे.

धोंडूने नारळ उचलला आणि पायरीकडे बघत थांबला. विमलाने मागे वळून पाहिलं नाही. गुरुदासने होकार दिला नाही.

नकारही दिला नाही.

धोंडूने नारळ फोडला.