हार्लनने मागे बसवलेली टाकी

हार्लन नळकाम करायचा. सामान वाहायचा एक बंद ट्रेलर त्याने स्वस्तात घेतला आणि दोन हिवाळे खपून त्याचं चाकांवरचं घर केलं. पलंग अगदी मागे, दाराला लागून. का, तर सकाळी दार उघडलं की डेल्माला अंथरुणातूनच समुद्र दिसावा. आमच्या नेब्रास्कात समुद्र कुठला? ऑरेगनला जायचं ठरलं होतं. पलंगाखाली मोकळी जागा होती, तिथे त्याने पाण्याची मोठी टाकी बसवली.

समुद्र राहूनच गेला. ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर गेलं की ट्रेलर मागे हेलकावे खाई. हार्लन म्हणे, आपल्याकडचा वाराच मेला असा. अशा गाडीने डोंगर उतरायची त्याची छाती होईना. दर वर्षी तो पुढच्या वर्षावर ढकले, आणि दोघं जवळच्या तळ्यांवर राहून परत येत. असे नऊ उन्हाळे गेले.

गेल्या वसंतात हार्लन वारला. डेल्मा आता ओमाहाला लेकीच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाली. तिथे ट्रेलरला जागा नाही. विक्रीची जाहिरात तिने शेजारी म्हणून माझ्याकडून लिहून घेतली आणि तीत 'वेगात हलतो' हेही घालायला लावलं. असं लिहिलं तर कोणी फिरकणार नाही, असं मी म्हणून पाहिलं. तिने ऐकलं नाही.

ट्रिना मात्र आली. घोडे वाहून नेण्याचा तिचा धंदा. आत डोकावण्याआधीच ती ट्रेलरखाली आडवी झाली. उठून कपडे झटकत तिने टाकी कोणी बसवली ते विचारलं.

"का गं पोरी, गळते?" डेल्मा म्हणाली.

"गळायची काय बिशाद! अशी आवळलीय की काढताना माझा घाम निघेल. पण ती चाकांच्या मागे आहे, मॅम. वजन मागे गेलं की ट्रेलर हलतो. ते चाकांच्या पुढे हवं."

डेल्माला उमजेना, तेव्हा मी अंगणातली दोन चाकांची हातगाडी आणली. दांड्याच्या बाजूला दोन विटा ठेवून तिला ओढायला सांगितली. मग त्याच विटा पार मागच्या टोकाला ठेवल्या. दांडा तिच्या हातातून वर उसळला. तिने तो पुन्हा खाली दाबून धरला.

"टाकी पुढे घ्यायला किती वेळ लागतो?"

"अर्धा दिवस."

"अर्धा दिवस," डेल्मा म्हणाली. "आणि नऊ वर्षं मी वाऱ्याला शिव्या घालत होते."

ट्रिनाने टाकी रिकामी केली, घोड्यांसाठी घेतलेल्या मिठाच्या सहा गोण्या ट्रेलरच्या पुढच्या भागात रचल्या आणि तिच्या पिकअपमधून आम्ही तिघं निघालो. पन्नास. साठ. पासष्ट. डेल्माने दाराची मूठ दोन्ही हातांनी धरली होती. ट्रेलर मागून सरळ रेषेत येत होता. मग तिचे हात हळूच मांडीवर आले.

धान्याच्या उंच कोठारापाशी ट्रिनाने वेग कमी केला. हार्लन आणि डेल्मा दर वेळी इथूनच मागे वळत.

"तुला परत कधी पोचायचंय?" डेल्माने विचारलं.

"चारला. घोड्यांचा चारा असतो."

साडेअकरा वाजले होते.

"मग दीडपर्यंत सरळ जाऊ या, बाळा. तिथून वळू. घरी पोचलो की विक्रीच्या कागदावर सही करते."

ट्रिनाने माझ्याकडे पाहिलं. मी होकारार्थी मान हलवली. तिने पुन्हा वेग घेतला. पश्चिमेला क्षितिजावर एक निळसर पट्टी दिसू लागली. ते ढग होते हे मला माहीत होतं. डेल्माने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.