बंद दारामागची ऊब

मी एक जुना डिझेल जनरेटर आहे, मित्रांनो. माझ्या जातीची यंत्रं तोंड उघडतात ती गोंगाट करायलाच. पण आज मला हळू बोलायचं आहे, कारण जे सांगायचं आहे ते ओरडून सांगण्यासारखं नाही.

कारखान्यातून हिरव्या रंगात न्हाऊन मी निघालो आणि टेम्पोत बसून एका हॅचरीत आलो. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायची जागा. मामंजींनी मला आणलं. घरची सून त्यांना मामंजी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. मागच्या भिंतीशी पत्र्याखाली मला जागा मिळाली. भिंतीपलीकडे उबवणीचं मोठं कपाट. आत ट्रेवर ट्रे, त्यांत अंडी, आणि सगळ्यांना सारखी हवा देणारा पंखा. लाइट गेली आणि लवकर आली नाही, की कोणीतरी माझं हँडल फिरवायचं आणि मी तो पंखा चालता ठेवायचा.

पिल्लं बाहेर पडली की मामंजी माझ्या टाकीवर थाप मारून म्हणायचे, "ही सगळी याचीच लेकरं."

त्यांची नात ठमी विचारायची, "मग हा अंडी घालतो का?"

"नाही गं. हा नुसता ओरडतो."

"म्हणजे तुमच्यासारखा."

सूनबाई ट्रेमागे तोंड लपवून हसायची. मीही धूर सोडून हसायचो.

तो धूर पत्र्याच्या कडेवरून वर जायचा. मला वाटायचं, आभाळ केवढं मोठं, जिरेल कुठेतरी. पण नाही जिरला. माझा, माझ्यासारख्या असंख्य यंत्रांचा, गाड्यांचा, कोळशाच्या भट्ट्यांचा धूर मिळून पृथ्वीवर न दिसणारं पांघरूण पडलं आणि तिला उकडायला लागलं. उन्हाळे तापले. घरोघरी गार हवेची यंत्रं लागली, तारांवर भार पडला, लाइट वरचेवर जायला लागली. मग मला जास्त वेळ चालावं लागलं. म्हणजे ज्या उन्हानं लाइट घालवली, त्याच उन्हाला मी दुपारभर सरपण घालत होतो.

एका वर्षी मका शेतातच करपला, कोंबड्यांचं खाद्य महागलं. तशात दूर कुठेतरी तेलाची जहाजं अडली आणि डिझेलचा भाव असा चढला की मामंजी माझ्याकडे बघायचेही टाळायचे. डिझेल माझ्या पोटात, पण त्याचा भाव खाद्याच्या ट्रकपासून ठमीच्या दुधापर्यंत सगळ्यांत शिरला. गिऱ्हाइकं तुटली. उरली ती अंड्यांची एक खेप. ती नीट निघाली तर हॅचरी चालणार, नाहीतर कुलूप.

मामंजींचा एक जुना नियम होता. लाइट गेली की कपाटाचं दार घट्ट लावायचं आणि थांबायचं. अंडी ऊब धरून ठेवतात, तेवढ्यात लाइट येते, डिझेल वाचतं. थंड दिवसांत घडलेला नियम तो, आणि त्या दिवसांत खराच होता. डिझेल महागल्यावर त्यांनी तो पुन्हा धरला.

पिल्लं दुसऱ्या दिवशी कवच फोडणार होती आणि भर दुपारी लाइट गेली.

"मामंजी, जनरेटर लावू का?" सूनबाईनं विचारलं.

"दार लावलंस ना? मग बस. येईल."

"आत फार तापलंय. तापमानाचा काटा वर चढतोय."

"अगं, अंड्याला थंडी बाधते, ऊब नाही. डिझेलचा भाव ऐकलास? याला पाजू की तुझ्या पोरीला?"

ती परत काट्याशी जाऊन उभी राहिली. पण शेवटच्या दिवसांत अंड्यातलं पिल्लू मोठं झालेलं असतं, त्याच्या अंगाची स्वतःची ऊब असते. पंखा बंद, दार बंद, बाहेर पेटलेलं ऊन. ती ऊब आतल्या आत कोंडली. मी भिंतीच्या अलीकडेच होतो. माझ्या टाकीत थोडं डिझेलही होतं. पण हँडल कोणी फिरवल्याशिवाय मला हलता येत नाही.

शेवटी सूनबाईच धावत आली. पहिल्या झटक्याला मी सुरू झालो, इतका जीव खाऊन पूर्वी कधी चाललो नव्हतो. उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी मोजकीच पिल्लं बाहेर आली. ठमी एकेक अंडं कानाला लावून बघत होती. "आई, यात टकटक नाही," ती म्हणायची आणि अंडं अलगद परत ठेवायची, झोपलेल्याला ठेवतात तसं.

मामंजी माझ्याजवळ येऊन बसले. "चूक माझी. मी जुन्या उन्हाच्या भरवशावर राहिलो."

सूनबाईनं त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "ऊनच बदललं, मामंजी. तुम्हाला कोण सांगणार होतं?"

मित्रांनो, मला सांगता आलं असतं. धूर माझाच होता.

मोठं कपाट विकलं गेलं. आता सूनबाई एका छोट्या पेटीत थोडी अंडी उबवते. छपरावर उन्हापासून वीज करणारी काच बसवली आहे, त्या विजेवर पेटीचा पंखा फिरतो. ज्या उन्हानं घात केला त्याच्याकडूनच ती काम करून घेते. मामंजी पेटीचं दार किलकिलं करून काटा बघतात आणि तिला विचारूनच लावतात.

मला घासूनपुसून पुन्हा लावा, असं मी म्हणणार नाही. एवढंच मागतो, की पेटवणं सोपं आहे म्हणून काही पेटवू नका. आणि घरात कोणी "आत फार तापलंय" म्हणालं, तर हातातलं काम टाकून उठा.

परवा ठमी आली. माझ्या गार टाकीला तिनं कान लावला, बराच वेळ ऐकलं.

"यातही टकटक नाही," ती म्हणाली, आणि मामंजी मारायचे तशी हलकेच थाप मारून गेली.